चिमटा यांची हरकत

११ नोव्हेंबर

चि. खटपट्या,

तुझं पत्र ऐकलं. वाचलं नाही, ऐकलं. तू प्रत्येक दोन वाक्यांनंतर जो चेहरा टाकतोस ना, तो संगणकातला माझा वाचक-आवाज मोठ्याने म्हणून दाखवतो. ‘हसरा चेहरा, डोळ्यांत पाणी.’ तेही ज्या सुरात कोठीचं तापमान सांगतो, त्याच सुरात. खोलीत बियाणं निवडणाऱ्या दोघी बसल्या होत्या, त्यांना वाटलं मशीनलाच काहीतरी झालं. तेवढं बंद कर.

डोळ्यांचं तुला अर्धंच ठाऊक आहे, म्हणून सरळ सांगते. नजरेच्या मधलं सगळं गेलंय, कडेचं तेवढं उरलंय. दारात कोण उभं आहे ते कळतं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते कळत नाही. आहे ते टिकेल, गेलंय ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. माझं रडून झालंय, तू नव्याने सुरू करू नकोस.

काळजी वेगळीच आहे. आमच्या बीजकोठारातल्या पाचही शीतकोठ्यांचं तापमान टिपणारं मशीन इतकी वर्षं मी सांभाळलं. आता संचालकबाई म्हणतात, पुढच्या दाराशी स्वागताच्या टेबलावर बसा, पगार तोच राहील. फार गोड बोलल्या, त्यामुळे भांडताही येईना. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की मार्चमध्ये वरच्या कार्यालयाची पाहणी आहे, तेव्हा मी मशीन एकटीने चालवून दाखवीन. जमलं तर खोली माझी. नाही जमलं तर मशीन बाहेरच्या कंपनीकडे आणि मी दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘बसा हं’ म्हणायला.

आता अडतं कुठे ते ऐक. डिस्कवर जागा किती उरली, असं मशीनला विचारलं की ते तक्ता देतं. डोळ्यांना तक्ता सोयीचा. माझा आवाज मात्र आधी सगळे मथळे एका दमात वाचतो आणि मग सगळे आकडे एका दमात. वऱ्हाडातल्या सगळ्यांची नावं आधी सांगावीत आणि सगळ्यांची वयं नंतर, तसं. तिसऱ्या ओळीपर्यंत कुठला आकडा कुणाचा, याचा पत्ता नसतो.

दादा म्हणत होता, तू नोकरी सांभाळून फुकटात त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कमांडना काहीतरी ‘यंत्रांना कळेल असं’ बोलायला शिकवतोयस. ते काय आहे? मला चालेल का?

तुझी आत्या

१४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. या पत्रात एकही चेहरा नाही, दोनदा तपासलंय.

डोळ्यांचं वाचून फार वाईट वाटलं. रडू नकोस म्हणालीस म्हणून फक्त वाईट वाटलं असं लिहितो.

माझं काम असं आहे. आपल्या सिस्टीममधल्या जुन्या कमांड तक्ता छापतात, कारण समोर माणूस बसलाय असं त्यांनी गृहीत धरलंय. दुसऱ्या प्रोग्रॅमला त्यातून काही उचलायचं असेल तर त्याला रकाने मोजत बसावं लागतं. आपल्या घरी साखरेचा डबा डावीकडून दुसरा, हे आईला माहीत आहे. पण तिने एक डबा सरकवला की बाबांच्या चहात मीठ पडतं. मी प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावतोय. कमांडला एक जादाचा शब्द दिला की ती तक्ता न देता प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव सांगते: डिस्क अमुक, एकूण जागा इतकी, भरलेली जागा इतकी. शब्द दिला नाही तर तक्ता पूर्वीसारखाच येतो, एक टिंबही हलत नाही.

हे अजून अधिकृत नाही. आमच्याकडे कोणता बदल आत घ्यायचा ते काही ज्येष्ठ मंडळी ठरवतात. त्यांतल्या मुख्य गृहस्थांना आम्ही मागे द्वारपाल म्हणतो. त्यांच्या नाकावर माशी बसत नाही. पण माझ्याकडची प्रत सोबत पाठवतोय, चालवून बघ. बिघडलं तर माझं नाव सांगू नकोस.

बाबांनी वरची खोली तुझ्यासाठी रंगवायला काढली आहे. ‘किती दिवस एकटी राहणार’ असं म्हणत रोज एक भिंत रंगवतात. तुला रंग विचारायचा होता.

तुझा,
खटपट्या

२ डिसेंबर

चि. खटपट्या,

दादाला सांग, भिंतीला हवा तो रंग दे, मी येणार नाहीये. भाडेकरू ठेव.

तुझी प्रत चालते! पहिल्यांदा आवाज म्हणाला, ‘डिस्क तापमान. एकूण जागा. भरलेली जागा.’ (नोंदींच्या डिस्कचं नावच ‘तापमान’ आहे.) प्रत्येक आकडा आपापलं नाव घेऊन आला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो तुझ्याकडून आकडे घेतो, टक्के काढतो आणि मला एका वाक्यात सांगतो. लिहिताना बोटांना सगळं आठवत होतं. किती दिवसांनी कुणाला न विचारता काम केलं मी.

आता तक्रार. तुझे आकडे फार लांब आहेत. जागा सुट्या बाइटमध्ये का सांगतोस? एक डिस्क ऐकायची म्हणजे एक फोन नंबर ऐकल्यासारखं होतं. शिवाय तक्त्यात ‘उरलेली जागा’ आणि ‘टक्के’ असे रकाने होते, ते तुझ्याकडे दिसत नाहीत. ते का गाळलेस?

आणखी एक. वरच्या कार्यालयाचं फर्मान आलंय. फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्या सिस्टीमची नवी आवृत्ती निघाली की ती सगळ्या मशीनवर चढवायची. त्याखेरीज इकडूनतिकडून आणलेलं काही ठेवायचं नाही. म्हणजे तुझा बदल त्या आवृत्तीत गेला नाही तर माझ्या मशीनवरून तो पुसला जाणार, तोही पाहणीच्या तोंडावर. तुमच्या द्वारपालांना जरा लवकर उठवता येईल का?

तुझी आत्या

९ डिसेंबर

प्रिय आत्या,

लांब आकड्यांचं सांगतो. यंत्राला लांब आकड्याचा त्रास होत नाही, त्याला नेमका आकडा लागतो. उरलेली जागा आणि टक्के गाळले कारण ते एकूण आणि भरलेली यांवरून कुणालाही काढता येतात. जे काढता येतं ते सांगायचं कशाला? हे रूप सुटसुटीत हवं. खरं सांगायचं तर ते माणसांसाठी नाहीच. तू ते ऐकतेयस ही जरा वेगळी गोष्ट झाली. तुला ऐकायला बरं पडेल असं काहीतरी मी सवडीने वेगळं करून देईन.

द्वारपालांचं उत्तर आलं. ‘कल्पना चांगली आहे. चांगल्या कल्पना माझ्याकडे खोलीभर पडल्या आहेत. हे रोजच्या कामात वापरणारं कोणी असेल तर दाखवा.’ आत्या, मी त्यांना तुझ्याबद्दल लिहू का? दृष्टी गेलेली एक बाई याच्या जोरावर आपली नोकरी टिकवू पाहते आहे, हे वाचलं की दगडालाही पाझर फुटेल. एका दिवसात बदल आत जाईल. तुझं काम होईल आणि माझंही.

तुझा,
खटपट्या

१२ डिसेंबर

खटपट्या,

लिहायचं नाही. माझं नाव, माझे डोळे, माझी नोकरी, काही म्हणजे काही लिहायचं नाही.

संचालकबाईंना माझी दया आली, तेव्हाच त्यांनी मला खुर्ची बदलायला सांगितली. त्याआधी वर्षानुवर्षं त्या माझ्याशी कचाकचा भांडायच्या. दया येऊन आत घेतलेली तुझी कमांडसुद्धा पुढच्या साफसफाईत पहिली बाहेर जाईल.

आणि ते माणसांसाठी नाहीच म्हणतोस, तर मग मी कोण आहे तेही एकदा सवडीने कळव.

आत्या

१८ जानेवारी

प्रिय आत्या,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींत माफी मागितली, त्यातली एकही पोचल्याचं तू कळवलं नाहीस. बाबांकडून कळतं की तू धडधाकट आहेस आणि फोनवर त्यांच्याशी रंगावरून वाद घालतेस, म्हणजे राग फक्त माझ्यावर आहे. मी चुकलो. ते वाक्य लिहिताना तू माझ्यासमोर नव्हतीसच, फक्त माझा कोड होता. तुझ्याबद्दल कुणालाही अवाक्षर बोललेलो नाही.

इकडे माझे दिवस बरे नाहीत. आमच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे जिथे सगळे ईमेलने बदलांवर वाद घालतात तिथे, चिमटा नावाचा कुणी नवा माणूस उगवलाय. लिस्टवर बरेच जण टोपणनावाने लिहितात, पण हा अगदी नावाला जागतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, ‘एकूण जागा दिलीत, भरलेली दिलीत. उरलेली कुठे आहे?’ मी लिहिलं, वजाबाकी करा. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर: ‘तुम्ही करून पाहिलीत का?’

मला राग आला. सगळ्यांसमोर उघडं पाडावं म्हणून करून पाहिली आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. वजाबाकी चुकते, आत्या! सिस्टीम प्रत्येक डिस्कवर थोडी जागा स्वतःच्या अडीअडचणीला राखून ठेवते. ती भरलेलीतही येत नाही आणि उरलेलीतही येत नाही. तक्ता लिहिणाऱ्या जुन्या माणसाला हे माहीत होतं, म्हणून त्याने ‘उरलेली’ हा वेगळा रकाना ठेवला. मी शहाण्यासारखा तो उडवला.

मी दुरुस्ती केली, तर दुसऱ्या दिवशी चिमटा पुन्हा हजर. आकड्याबरोबर त्याचं एकक का नाही? टक्के का नाहीत? द्वारपालही त्याच्याशी कडाकडा भांडतायत. मजा म्हणजे दोघांनाही दम लागत नाही. कुठून येतात अशी माणसं कोण जाणे, याला दुसरा उद्योग नाही बहुतेक.

उत्तर दे गं.

तुझा,
खटपट्या

२१ जानेवारी

चि. खटपट्या,

तुझी चारही पत्रं पोचली. माफी पहिल्याच पत्राला दिली होती, कळवायचं राहून गेलं. इथे डिसेंबरात जरा गडबड झाली होती, ती निस्तरली. हल्ली कामही वाढलंय.

तो चिमटा भला माणूस दिसतो. तू उगीच त्याच्यावर दात धरू नकोस. एकक मागतोय तर देऊन टाक ना बाबा. नुसता आकडा सांगणं म्हणजे ‘पाहुणे पाच वाजता येतील’ म्हणावं आणि पहाटे की संध्याकाळी ते सांगू नये. आणि द्वारपाल त्याच्याशी भांडतात म्हणजे त्यांना तो भांडण्याच्या लायकीचा वाटत असणार.

दादाने शेवटी पिवळा रंग दिला म्हणे. काविळीसारखा दिसत असेल.

आत्या

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बदल आत गेला! या महिनाअखेरच्या आवृत्तीत येतोय. तुझ्या मशीनवरून आता तो कोणी पुसणार नाही. माझा जीव भांड्यात पडला, तुझाही पडू दे.

कसा गेला ते ऐकण्यासारखं आहे. शेवटच्या दिवशी चिमटाने टक्क्यांवरून पुन्हा हरकत घेतली. टक्के माणूस काढू शकतो, पण प्रत्येक जण ते वेगळ्या रीतीने काढेल, मग दोन प्रोग्रॅम एकाच डिस्कबद्दल दोन गोष्टी सांगतील, असं त्याचं म्हणणं. द्वारपाल म्हणाले, हे नुसतं तर्काने बोलताय की कुठे झालंय? त्यावर चिमटाने एका खऱ्या मशीनचे आकडे जसेच्या तसे पाठवले. एकूण आणि भरलेली यांवरून भागाकार केला तर ब्याण्णव टक्के. तक्ता म्हणतो शंभर. आणि डिस्क खरोखरच भरलेली, त्या मशीनवरच्या नोंदी लिहायच्याच थांबलेल्या. मग द्वारपालांनी लिहिलं, ‘मी वापरणारा माणूस मागितला होता. वापरत असल्याशिवाय कोणी इतकं भांडत नाही. टक्के घाला, एकक घाला आणि आत घ्या.’

मी दोन्ही घातलं. आता प्रत्येक आकडा आपलं नाव आणि एकक दोन्ही सांगतो, आणि हवं असेल तर आटोपशीर रूपातही येतो. ते शेवटचं तुझ्यासाठी म्हणून करत होतो, तर चिमटाने तेही आधीच मागून ठेवलं होतं.

मी चिमटाचे जाहीर आभार मानले. त्याने लिहिलं, ‘कोड स्वच्छ आहे. लिहिणारा जरा घाईचा आहे.’ हे वाचून मला का कोण जाणे, अगदी तुझी आठवण झाली.

तुझा,
खटपट्या

७ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

आठवण झाली आणि तिथेच थांबलास! तुझ्या डोक्यात प्रकाश पडायची वाट बघून मी थकले. चिमटा मी आहे.

डिसेंबरात गडबड झाली म्हटलं ना, ती हीच. माझा प्रोग्रॅम मला रोज सांगायचा, भरलेली जागा अठ्ठ्याऐंशी टक्के, नव्वद टक्के. ब्याण्णव म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, अजून चिकार जागा आहे, जेवून येते. परत येऊन बघते तर नोंदी थांबलेल्या. कोठ्या गार होत्या, बियाणं सुखरूप होतं, पण दुपारभराचं तापमान कुठेच टिपलेलं नव्हतं. संचालकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तरी चाललं असतं.

घरी आल्यावर पहिला विचार आला, झालं, आता दाराशी बसायचं. दोन दिवस तसेच गेले. मग वाटलं, आपण कुठे चुकलो ते तरी बघू. सगळे आकडे पुन्हा पुन्हा ऐकले. आणि ऐकताना कळलं की चूक माझ्या डोळ्यांची नव्हतीच. उरलेली जागा तू सांगितलीच नव्हतीस आणि मी ती विचारली नव्हती. डोळे चांगले असणारा माणूसही तुझ्या आकड्यांवर विसंबला असता तर असाच फसला असता. तुला सांगू नये इतका आनंद झाला मला.

तुला आधी का नाही सांगितलं? तुला कळलं असतं तर तू माझी प्रत्येक हरकत निमूटपणे मान्य केली असतीस, आत्या आहे म्हणून. मला ते नको होतं. तुझ्या द्वारपालांना मी दिसते की नाही दिसत, बाई की पुरुष, म्हातारी की तरणी, काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला दोनदा मूर्खात काढलं, एकदा पुरावा मागितला आणि एकदा ‘तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं’ असं लिहिलं. रोज सकाळी मी आधी त्यांचं भांडण ऐकायचे आणि मग चहा घ्यायचे.

पाहणी मार्चच्या मध्याला आहे. रोज तालीम करतेय.

तुझी आत्या

८ फेब्रुवारी

आत्या,

मी तुला ‘दुसरा उद्योग नसलेला माणूस’ म्हणालो होतो. तुलाच, पत्रात! आणि तू वर मला त्याच्यावर दात धरू नकोस म्हणून उपदेश केलास.

बाबांना सांगितलं. आधी पोट धरून हसले. नंतर म्हणाले की वरच्या खोलीत तू तुझी टेबलं हलव, ती काही यायची नाही. खोली खरंच काविळीसारखी दिसते, पण आता तिथेच बसून लिहितोय.

पाहणीच्या दिवशी येऊ का? मागे नुसता उभा राहीन.

तुझा,
खटपट्या (घाईचा)

१७ मार्च

चि. खटपट्या,

तू आला नाहीस ते बरं झालं. आला असतास तर सगळ्यांना वाटलं असतं की कळ तुझ्या हातात आहे.

पाहणी काल झाली. वरच्या कार्यालयातले गृहस्थ, संचालकबाई आणि कंपनीचा एक प्रतिनिधी, असे तिघे माझ्या मागे उभे. गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, ‘स्क्रीन कुठे आहे?’ मी म्हटलं, मला उपयोगाची नव्हती, बियाणं निवडणाऱ्या बाईंना देऊन टाकली, त्यांच्या टेबलावर बघा. प्रतिनिधी खोकला. मग मी विचारलं, काय बघायचंय? ते म्हणाले, सर्व डिस्कची स्थिती. मी टाइप केलं आणि आवाज भराभर बोलून मोकळा झाला. गृहस्थ हळूच म्हणाले, ‘काय म्हणाला तो? आम्हाला काहीच कळलं नाही.’ मी ज्या वेगाने ऐकते तो तुम्हा डोळेवाल्यांना झेपत नाही, हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यांच्यासाठी वेग निम्म्यावर आणला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

मग त्यांनी परीक्षाच घेतली. माझ्या नकळत एक डिस्क नको त्या फायलींनी भरून टाकली आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना? आवाजाने सांगितलं, डिस्क तापमान, उरलेली जागा दोन टक्के. मी म्हटलं, ठीक नाही, कुणीतरी आत्ताच कचरा टाकलाय. शोधून काढला, नोंदी थांबायच्या आत साफ केला आणि कुणाच्या नावाने टाकला गेला तेही सांगितलं. नाव गृहस्थांचंच होतं. ते हसले. प्रतिनिधी हसला नाही.

मशीन माझ्याकडेच राहतंय. कागद आज आला, संचालकबाईंच्या सहीचा.

पण तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. आज संध्याकाळी निघायच्या वेळी बाई माझ्या दारात आल्या. गेलं वर्षभर त्या दारात आल्या की ‘तब्येत कशी आहे?’ एवढंच विचारायच्या आणि मी ‘बरी आहे’ म्हणायचे. आज आल्या आणि म्हणाल्या, ‘चौथ्या कोठीचा अहवाल अजून माझ्याकडे आलेला नाही. कधी देणार आहात?’ मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत देते. त्या म्हणाल्या, ‘दुपारी नको. सकाळी माझ्या टेबलावर हवा.’ आणि तरातरा निघून गेल्या.

मी खुर्चीत बसून पोटभर हसले. मग थोडी रडलेसुद्धा, एकटीच होते म्हणून. आता पत्र आवरते, अहवाल लिहायचाय.

तुझी आत्या